बिनहंगामाचा सराव : शीड, तोल आणि आपली कंबर

गेल्या वर्षभरात दवाखान्यात दोन प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकले. पहिला असा: "मॅडम, तुम्ही समुद्रावर शीड धरून उभं राहायला शिकता म्हणे. या वयात?" दुसरा प्रश्न विचारणाऱ्यांना माझ्या शिडाची काही माहिती नसते. ते म्हणतात, "मॅडम, तुम्ही सांगितलेला व्यायाम महिनाभर केला, बरं वाटलं, म्हणून सोडला. आता कंबर पुन्हा धरली. असं का होतं?"

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून हा लेख. वय झालं तरी शरीर नवं काही शिकू शकतं का, शिकलेलं कुठं साठतं, सराव थांबला की त्यातलं काय टिकतं आणि काय निघून जातं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. विंडसर्फिंग शिकताना ते स्वतःच्या कंबरेवर आणि मनगटावर पाहायला मिळालं. त्यातलं तुमच्या कामाचं जे आहे ते इथं सांगते.

विंडसर्फिंग म्हणजे काय?

एक लांब-रुंद, पाण्यावर तरंगणारी फळी. तिच्या मधोमध डोलकाठी आणि तिला लावलेलं शीड. नावेची डोलकाठी पक्की बसवलेली असते, इथं मात्र ती एका लवचीक सांध्यावर असते, त्यामुळे कुठल्याही दिशेला कलते. शिडाला आडवी दांडी असते, तिला बूम म्हणतात. ती दोन्ही हातांनी धरायची आणि फळीवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पुढे जायचं. सुकाणू नाही, वल्हं नाही. डोलकाठी पुढे कलवली की फळीचं टोक वाऱ्यापासून दूर वळतं, मागे कलवली की वाऱ्याकडे वळतं. म्हणजे सुकाणूचं काम तुमचं शरीरच करतं.

१९६०च्या दशकात अमेरिकेत हा प्रकार आकाराला आला. पेनसिल्व्हेनियात न्यूमन डार्बी यांनी शिडाची फळी बनवली, आणि कॅलिफोर्नियात होइल श्वाइट्झर व जिम ड्रेक यांनी लवचीक सांध्याच्या फळीचं पेटंट घेतलं. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी आणि १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी हा खेळ आला. आपल्याकडे २०२३मध्ये झालेल्या हांगझोऊ एशियाडमध्ये इबाद अली यांनी विंडसर्फिंगमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याच स्पर्धेत शिडाच्या छोट्या नावेच्या शर्यतीत रौप्यपदक जिंकणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली शेतकऱ्याची मुलगी. ती शिकली भोपाळच्या तलावावर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. गोव्याच्या कात्या कोएल्हो आणि डेन कोएल्हो या बहीण-भावानं हा खेळ भारताकडून खेळला आहे. आपल्या महाराष्ट्रात खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या नावा चालवायला शिकतात.

सिंदेवाहीत यातलं काही नाही. पण पाण्यावर उभं राहून तोल सांभाळणारी माणसं आपण रोज बघतो. आपले ढिवर बांधव तलावात डोंग्यात उभं राहून जाळं टाकतात, तेव्हा त्यांचे गुडघे किंचित वाकलेले असतात, कंबर सैल असते आणि नजर पायाकडे नसून समोर असते. गोव्यात पहिल्या दिवशी प्रशिक्षकानं मला उभं राहण्याची जी पद्धत शिकवली, ती नेमकी हीच होती.

पहिले पाच दिवस शरीर काय शिकलं?

मी सेहेचाळिसाव्या वर्षी, डिसेंबरात, पाच दिवसांसाठी गोव्याला गेले. दोना पावलाच्या बाजूचं पाणी त्या दिवसांत शांत असतं. सकाळी वारा मंद असतो, दुपारनंतर समुद्राकडून भरतो. नवशिक्यांना सकाळचा मंद वारा बरा. शिकाऊ फळी चांगली रुंद असते आणि शीड लहान, तीन-साडेतीन चौरस मीटरचं.

पहिला धडा शीड पाण्यातून उचलण्याचा. शीड पाण्यावर आडवं पडलेलं असतं, त्याच्यावर पाणी साचलेलं असतं, त्यामुळे ते वाटतं त्यापेक्षा फार जड लागतं. वारा पाठीवर घ्यायचा, डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवायचा, दोरी धरायची आणि खेचायचं. नवीन माणूस कंबरेत वाकतो आणि हातांनी ओढतो. दहा-बारा वेळा असं केलं की कंबर बोलू लागते. बरोबर रीत वेगळी आहे: हात सरळ, पाठ सरळ, गुडघे वाकलेले, आणि शरीराचं वजन मागे टाकायचं. शिडावरचं पाणी निथळून जाऊ द्यायचं आणि मग पायांच्या जोरावर उठायचं. ओढण्याचं काम मांड्या आणि कुल्ले करतात, हात फक्त दोरीला अडकवलेल्या आकड्यासारखे असतात.

हे वाचताना तुम्हाला विहिरीची बादली किंवा धानाचं पोतं आठवलं असेल, तर बरोबर आठवलं. शरीराच्या दृष्टीनं तीनही कामं एकच आहेत.

दुसरा धडा पकडीचा. बूम घट्ट आवळून धरली की पाच मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंत हात दगडासारखा होतो. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्याच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्तपुरवठा कमी होतो आणि स्नायू लवकर थकतो. बोटं आकड्यासारखी सैल ठेवली आणि वजन मागे टाकलं, की तोच हात अर्धा तास टिकतो.

तिसरा धडा तोलाचा. आपला तोल तीन ठिकाणांहून आलेल्या माहितीवर चालतो. डोळे सांगतात क्षितिज कुठं आहे. आतल्या कानातली यंत्रणा सांगते डोकं कुठं कललं. तळपाय, घोटे आणि गुडघे सांगतात पायाखालची जागा कशी आहे. मेंदू या तिन्हींची बेरीज करून दर क्षणी स्नायूंना हुकूम देतो. पाण्यावर पायाखालची जागा सतत हलते, त्यामुळे ही बेरीज नव्यानं शिकावी लागते. पहिल्या दिवशी मी सारखी पडत होते, आणि सगळेच नवशिके पडतात. पडणं मऊ पाण्यात असतं, अंगात जीवरक्षक जाकीट असतं आणि पाणी छातीएवढं असतं, म्हणून ते परवडतं.

शिकलेलं कुठं साठतं?

गंमत तिसऱ्या दिवशी सकाळी झाली. आदल्या संध्याकाळी जे जमत नव्हतं, ते सकाळी पहिल्याच प्रयत्नात जमलं. रात्री तर मी झोपले होते, सराव केला नव्हता.

यात जादू नाही. आपल्या डोक्याच्या मागच्या भागात लहान मेंदू असतो. हालचाल कशी व्हायला हवी होती आणि प्रत्यक्षात कशी झाली, यातला फरक तो मोजतो आणि पुढच्या वेळी हुकूम थोडा बदलतो. म्हणजे प्रत्येक डगमगणं ही त्याच्यासाठी माहिती असते. सराव थांबल्यावर, विशेषतः झोपेत, मेंदू या माहितीची जुळवाजुळव करून ती पक्की करतो. म्हणूनच एका दिवसात सलग पाच तास करण्यापेक्षा पाच दिवस रोज एक तास केलेला सराव जास्त टिकतो. सायकल, शिवणयंत्र, तबला आणि लकवा मारल्यानंतर हात उचलायचा व्यायाम, या सगळ्यांना हा नियम लागू आहे.

आणि वयाचं काय? वय वाढलं की शिकायचा वेग कमी होतो, शिकणं थांबत नाही. माझ्यासोबत शिकणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलं जे दोन तासांत शिकली, त्याला मला दोन दिवस लागले. पण मी शिकले.

सुट्टीत काय जातं, काय राहतं?

गोव्यात साधारण जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो आणि नवशिक्यांचे वर्ग बंद असतात. हा तिथला बिनहंगाम. माझा बिनहंगाम त्याहून मोठा, कारण सिंदेवाहीहून गोवा म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडायचा. दवाखाना बंद ठेवून वर्षातून एकदाच जाता येतं. म्हणजे वर्षाचे साडेअकरा महिने मी पाण्यापासून लांब. मग प्रश्न आला की इतक्या महिन्यांत शिकलेलं वाया जाणार का?

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. शरीरात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि त्या वेगवेगळ्या वेगानं जातात.

पहिली म्हणजे दम. हृदय आणि फुप्फुसांची क्षमता सराव थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांतच उतरू लागते.

दुसरी ताकद. ती थोडी जास्त टिकते, पण दोन-तीन महिने काही केलं नाही तर तीही घटते. चाळिशीनंतर ती लवकर घटते आणि परत यायला जास्त वेळ घेते.

तिसरी म्हणजे हातोटी. हालचाल कशी करायची ही आठवण वर्षानुवर्षं टिकते. वीस वर्षांनी सायकलवर बसलं तरी चालवता येते, ते यामुळेच.

धोका नेमका इथं आहे. हंगाम सुरू झाला की हातोटी लगेच हजर होते. मनाला वाटतं, मला हे येतं, मी तर दरवर्षी करते. पण ताकद आणि दम मागे राहिलेले असतात. शिवाय स्नायूंना हाडांशी जोडणारे पट्टे असतात, त्यांना आपण स्नायुबंध म्हणू. ते स्नायूंपेक्षाही सावकाश मजबूत होतात, त्यांना महिने लागतात. अशा शरीरावर पहिल्याच दिवशी आठ तासांचं काम पडलं की ते दुखणारच.

व्यायाम सोडल्यावर कंबर पुन्हा का धरते, याचं उत्तरही हेच. व्यायामानं तुमचं दुखणं कायमचं बरं झालेलं नव्हतं, तर कंबरेला रोजचं ओझं पेलण्याइतकी ताकद आली होती. व्यायाम सुटला, ताकद उतरली, ओझं मात्र तेवढंच राहिलं.

सिंदेवाहीतला माझा सराव

पावसाळ्यात मी आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं सराव सुरू केला. त्यासाठी काही विकत घ्यावं लागलं नाही.

अंगणातल्या झाडाला दोन दोर बांधून छातीच्या उंचीवर एक जाड बांबू आडवा टांगला. चंद्रपूर-गडचिरोलीत बांबूला काय तोटा! तो माझा बूम. बांबू धरून वजन मागे टाकायचं, हात सरळ, बोटं सैल. सुरुवातीला वीस सेकंद, मग हळूहळू दोन मिनिटं.

शीड उचलायच्या सरावासाठी बादलीत थोडी रेती भरली आणि तिला दोर बांधला. व्हरांड्याच्या पायरीवर उभं राहून पाठ सरळ, गुडघे वाकवून, पायांच्या जोरावर ती वर घ्यायची. दहा वेळा. दर दोन आठवड्यांनी थोडी रेती वाढवायची.

तोलासाठी एका पायावर उभं राहणं. आधी जमिनीवर, मग घडी घातलेल्या गोधडीवर. गोधडी पायाखाली दबते, त्यामुळे घोट्याला सतत काम करावं लागतं. दात घासताना हे सहज होतं.

आणि एक सराव नुसता बघण्याचा. बांधीत धान वाढलं की वाऱ्याची झुळूक त्यावरून लाटेसारखी सरकताना दिसते. वारा कुठून आला, कधी थांबला, जोर कधी वाढला, हे मी दवाखान्यातून घरी जाताना बघू लागले. पाण्यावरही वाऱ्याची झुळूक अशीच गडद पट्ट्यासारखी येताना दिसते आणि ती पोहोचण्याआधी वजन मागे न्यावं लागतं. डोळे मिटून ही सगळी हालचाल मनातल्या मनात करणं हाही सरावच आहे. लकवा झालेल्या रुग्णांच्या उपचारातही प्रत्यक्ष व्यायामाच्या जोडीला ही पद्धत वापरतात.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मी पुन्हा गोव्याला गेले. शीड पहिल्या प्रयत्नात उचललं. दोन तासांनंतर कंबर दुखली नाही, आणि आदल्या वर्षी ज्या हातांना चहाचा कपही धरवत नव्हता, ते हात ठीक होते. वळण घेणं मात्र तिथंच अडकलं होतं जिथं आदल्या वर्षी सोडलं होतं. ते अंगणात शिकता येत नाही, त्यासाठी पाणीच लागतं. पण ताकद, पकड आणि तोल यांत दिवस घालवावे लागले नाहीत, त्यामुळे चारही दिवस वळण शिकण्यावर देता आले, आणि शेवटच्या दिवशी मी निघाले होते त्याच जागी परत येऊ शकले. नवशिक्यासाठी ही मोठी गोष्ट असते, कारण एरवी वाऱ्यासोबत वाहत गेलेल्या शिकाऊंना नाव पाठवून परत आणावं लागतं.

आता तुमचा हंगाम

तुमच्यापैकी बहुतेकांना शिडाशी काही देणंघेणं नाही. पण हंगाम आणि बिनहंगाम तुमच्या अंगवळणी पडलेला आहे. आपल्याकडे जुलै उजाडला की रोवणी. चिखलात पाय, कंबरेत वाकून, मागे मागे सरकत दिवसभर परे रोवायचे. दरवर्षी त्या दिवसांत माझ्या दवाखान्यात तीन तक्रारी ठरलेल्या असतात. कंबर धरली, गुडघा सुजला, आणि धुऱ्यावरून घसरून मनगटावर पडले.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेल्यानंतर, बायकांची हाडं ठिसूळ होऊ लागतात. आज मनगट मोडलं म्हणजे शरीरानं दिलेली सूचना आहे. तीच बाई सत्तरीत न्हाणीघरात पडली की खुब्याचं हाड मोडतं. मग ऑपरेशन, महिनोन्‌महिने अंथरूण, आणि कित्येकदा ते माणूस पुन्हा आपल्या पायावर पहिल्यासारखं चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, आणि त्यात वयस्कर जास्त असतात.

ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ लोकांना एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगून एक अभ्यास केला गेला. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. दर पाचातल्या एकाला ते जमलं नाही. पुढच्या साधारण सात वर्षांत ज्यांना जमलं नव्हतं त्यांच्यात मृत्यूचा धोका, वय आणि आजार यांचा हिशेब करूनही, ८४ टक्क्यांनी जास्त आढळला. याचा अर्थ एका पायावर उभं राहिलं की आयुष्य वाढतं असा नाही. ढळलेला तोल ही शरीरात आणखी काही बिघडत असल्याची खूण असू शकते, एवढाच त्याचा अर्थ. पण खूण फुकटात मिळत असेल तर ती बघून ठेवावी.

रोवणीला जाणाऱ्या एका मावशींना दोन वर्षांपूर्वी मी खुर्चीवरून उठबस आणि भिंतीपाशी एका पायावर उभं राहणं सांगितलं होतं. त्यांनी एप्रिलपासून, मोहफुलं वेचून आल्यावर, ते नेमानं केलं. त्या जुलैत त्या फक्त बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या. एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, हे मी त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, सिद्ध नाही झालं तरी चालते, कंबर चालली पाहिजे."

याउलटही बघते. लकवा झालेले एक काका पहिले तीन महिने मन लावून व्यायाम करत होते. त्या काळात सुधारणा वेगानं होते, रोज फरक दिसतो. मग वेग मंदावला. "आता काही फरक पडत नाही" म्हणून त्यांनी सोडलं, आणि जे कमावलं होतं त्यातलंही थोडं गेलं. सुधारणा मंदावणं म्हणजे थांबणं नव्हे. तिथून पुढचा सराव आहे ते टिकवण्यासाठी आणि थोडं थोडं वाढवण्यासाठी असतो.

घरच्या घरी करायचा सराव

रोवणीच्या दोन-अडीच महिने आधी, म्हणजे एप्रिलअखेरीस सुरू करा. कापणीआधीही असंच. आठवड्यातून तीन दिवस पुरे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारसही अशीच आहे: पासष्टीपुढच्यांनी तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत, आणि सगळ्याच प्रौढांनी स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम किमान दोन दिवस.

१. उठबस. न हलणाऱ्या खुर्चीवर बसा. हात छातीशी घ्या, उठा, सावकाश बसा. आठ-दहा वेळा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा, हातांचा आधार घ्या.

२. एका पायावर उभं राहणं. भिंतीपासून वीतभर अंतरावर, गरज पडली तर हात टेकता येईल असं. प्रत्येक पायावर दहा सेकंद, तीन वेळा. नजर समोर ठेवा. साठीपुढच्यांनी घरात कुणीतरी असतानाच करा. पाण्यात पडणं मऊ असतं, फरशीवर पडणं नाही.

३. टाच-चवडा चाल. भिंतीच्या कडेनं, एका पायाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला टेकवत दहा पावलं. धुऱ्यावर चालण्याची ही कोरड्या जागेतली तयारी.

४. बादली उचलणं. आधी अर्धी भरलेली. बादली पायांच्या जवळ, गुडघे वाकवून, पाठ सरळ, पायांच्या जोरावर उठा. आठ वेळा. आठवड्यागणिक थोडं पाणी वाढवा.

५. ओलं फडकं पिळणं. दोन्ही बाजूंनी, दहा-दहा वेळा. विळा धरणाऱ्या हातांसाठी.

६. चालणं. रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही एवढ्या वेगानं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी पूर्ण दिवस वाकू नका. शक्य असेल तर पहिले दोन-तीन दिवस अर्धवेळ काम करा, आणि अर्ध्या-पाऊण तासानं सरळ उभं राहून कंबर मागे ताणा. वाकणं वाईट नाही. सवय नसलेल्या कंबरेनं तासन्‌तास वाकणं त्रासाचं.

आधी डॉक्टरांना कुणी विचारावं?

छातीत दुखतं, थोडं चाललं तरी धाप लागते, चक्कर येते, बीपी आटोक्यात नाही, फिट येतात, अलीकडे हाड मोडलं किंवा ऑपरेशन झालं, किंवा दिवस गेलेले आहेत, अशांनी विचारूनच सुरू करावं. मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल तर तोलाचे व्यायाम अनवाणी करू नयेत आणि आधाराशिवाय करू नयेत. कंबरदुखीसोबत पाय लुळा पडत असेल, लघवी-शौचावरचा ताबा जात असेल किंवा ताप असेल, तर तो व्यायामाचा विषय नाही, त्याच दिवशी दवाखान्यात या.

पाण्याविषयी दोन शब्द

हा लेख वाचून घोडाझरीत किंवा गावच्या मामा तलावात फळी घेऊन कुणी उतरू नये. आपल्या तलावांत गाळ असतो, पाणवेली असतात, बुडालेली खुंटं असतात आणि खोली अचानक वाढते. शिकायचं असेल तर प्रशिक्षक, जाकीट आणि मदतीची नाव असेल अशाच ठिकाणी शिकावं. किनाऱ्याकडून पाण्याकडे वारा वाहत असताना नवशिक्यानं निघूच नये, आणि काहीही झालं तरी फळी सोडू नये, कारण ती तरंगते आणि दुरून दिसते. पोहणं मात्र प्रत्येक मुलाला, मुलींनाही, शिकवा. कुणी बुडताना दिसलं आणि तुम्हाला पोहता येत नसेल, तर उडी मारू नका. लांब बांबू, दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा त्याच्याकडे टाका, ओरडून माणसं जमवा आणि १०८ला फोन लावा.

आज संध्याकाळी एवढंच करा. भिंतीपाशी उभे राहा, घरातल्या कुणालातरी घड्याळ बघायला सांगा आणि प्रत्येक पायावर किती सेकंद राहता येतं ते कॅलेंडरवर आजच्या तारखेखाली लिहा. आई-वडिलांचंही लिहा. सहा आठवड्यांनी पुन्हा लिहा. दहा सेकंदांच्या आत आकडा आला, किंवा सराव करूनही तो वाढला नाही, तर पुढच्या वेळी दवाखान्यात येताना मला तेवढं सांगा. बीपी आणि साखरेसोबत आपण तोही तपासू.